पेटीबाई आणि खिडकीजवळची खाट

पेटीबाईंना पेटीबाई हे नाव कोणी ठेवलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण त्या सांगत नसत. कोणी काय केलं ते न सांगणं हेच आता त्यांचं काम होतं.

त्याआधीची एकतीस वर्षं त्या नुसत्या सिस्टर होत्या. मग एके दिवशी दोन्ही गुडघ्यांनी मिळून संप पुकारला. वॉर्डातली उभ्या उभ्या करायची नोकरी सुटली आणि रुग्णालयाने त्यांना जिन्याखालची एक खोली दिली. खोलीत एक टेबल, एक पंखा, दोन खुर्च्या, त्यातली पाहुण्यांची डुगडुगणारी, आणि दाराबाहेर भिंतीला ठोकलेली एक लाकडी पेटी. पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं, ‘काही चुकलं? चुकता चुकता राहिलं? लिहून टाका.’

काम सांगायला सोपं होतं. गोळी भलत्याच माणसाला गेली, तपासणीचे कागद एकमेकांत मिसळले, कोणी ओल्या फरशीवरून घसरलं, तर ज्याला ते कळलं त्यानं एक पानी फॉर्म भरून पेटीत टाकायचा. नाव लिहायचं तर लिहा, नाहीतर नका लिहू. बाईंनी तो वाचायचा, पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय बदलता येईल ते शोधायचं, आणि ज्याच्या हातात ते बदलणं आहे त्याच्या मागे लागायचं. मागे लागण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पहिल्या तीन महिन्यांत पेटीतून निघाले चॉकलेटचे कागद, बसची तिकिटं, कँटीनच्या चहाबद्दल तीन तक्रारी आणि एक प्रेमपत्र. प्रेमपत्र भलत्या पेटीत पडलं ही एक घटनाच होती, म्हणून बाईंनी ते रीतसर योग्य हाती पोचवलं. पुढे त्या दोघांचं लग्न झालं. बाईंना आमंत्रण आलं नाही, हे त्या अजून विसरलेल्या नाहीत. त्यानंतर पेटीची किल्ली हरवली. तेव्हापासून पेटी तळाच्या सैल फळीतून उघडावी लागे. किल्ली हरवल्याचा फॉर्म बाईंनी स्वतःच्या नावानिशी भरला, पेटीत टाकला, फळी सरकवून बाहेर काढला आणि वाचून फायलीत लावला.

हळूहळू नर्सेस लिहू लागल्या. प्रयोगशाळेतले, औषधांच्या खिडकीवरचे लिहू लागले. लिहीत नव्हते ते शिकाऊ डॉक्टर. सगळ्यात जास्त सुया तेच टोचत, सगळ्यात कमी झोप त्यांनाच मिळे, तरी त्यांच्याकडून आजवर एक चिठोरं आलं नव्हतं. त्यांच्यात एक समजूत घट्ट बसली होती की पेटीत पडलेला कागद सरळ मोठ्या सरांच्या टेबलावर जातो आणि सहामाही शेऱ्यात उतरतो. पेटी यायच्या आधी कोणा एकानं प्रामाणिकपणे आपली चूक सांगितली होती. सरांनी सकाळच्या बैठकीत गडगडाट केला होता, “हे कोणी केलं?” तो बिचारा उभा राहिला, आणि पुढची तीन वर्षं त्याला सगळे ‘हे कोणी’ याच नावानं हाक मारत.

बाईंनी आधी मोठ्या सरांना गाठलं. सर स्वतः शिकाऊ असल्यापासून बाई त्यांना ओळखत होत्या.

“सर, तुम्हाला पहिल्यांदा शीर सापडत नव्हती, तेव्हा तुमचा हात कोणी धरला होता?”

“तुम्ही, सिस्टर. दर वर्षी आठवण करून देता.”

“मग ऐका. बैठकीत ‘कोणी’ विचारायचं नाही. ‘कसं’ विचारायचं.”

सरांनी कबूल केलं, पण जिभेची सवय थोडीच जाते? म्हणून ठरलं असं की सरांच्या तोंडून ‘कोणी’ निघू लागला की बाईंनी खोकायचं. पहिल्या महिन्यात बाई इतक्या खोकल्या की एका शिकाऊ डॉक्टरनं त्यांना छातीचा फोटो काढायला सुचवलं.

दुसरी युक्ती त्यांना घरात सापडली. बाईंचे यजमान शिंपी. शाळांचे गणवेश शिवायचे. त्यांच्या कापायच्या टेबलाखाली एक जाडजूड गाठोडं असायचं. चाळीस वर्षांत त्यांनी चुकीचं कापलेलं कापड त्यात होतं. उलटी बाही, दोन डाव्या बाजू, गळ्याऐवजी कापलेला खांदा. नवा कारागीर कामाला आला की पहिल्या दिवशी ते त्याच्यापुढे गाठोडं सोडायचे आणि म्हणायचे, “हे सगळं मी केलंय. आता तुझं सुरू कर.” ते पाहून बाईंनी ठरवलं, आपणही आपल्या चुकांचं गाठोडं सोडायचं. रोज सकाळी आठच्या बैठकीत, राउंडला निघण्याआधी, दोन मिनिटं.

“आज माझी,” असं म्हणून त्या सुरुवात करायच्या. एकदा त्यांनी भेटायला आलेल्या पाहुण्यालाच पेशंट समजून थर्मामीटर लावला होता, आणि तो भला माणूस लाजून काही बोलला नव्हता. एकदा एका आजोबांची कवळी दुसऱ्या आजोबांना दिली होती, आणि दुसरे आजोबा म्हणाले होते, ही आधीपेक्षा बरी बसते. शिकाऊ डॉक्टर पोट धरधरून हसायचे. शेवटी बाई म्हणायच्या, “लिहून टाका,” आणि सगळे हसत हसत राउंडला पळायचे. त्यांच्याकडून पेटीत काही पडायचं नाही.

मंगळवारी अकरा वाजून गेल्यावर बाई पुरुषांच्या वॉर्डात सहज चक्कर मारायला गेल्या तेव्हा सातव्या खाटेवरच्या काकांनी त्यांना बोटानं खूण केली. काका पोस्टातून निवृत्त झालेले. दिवसभर वर्तमानपत्राच्या कडेला वेळा टिपून ठेवायचे. चहा कधी आला, डॉक्टर कधी आले, पंखा कधी बंद पडला.

“सिस्टर, एक सांगतो, पण त्या पोरीला ओरडू नका.”

“ओरडायचं खातं माझ्याकडे नाही. सांगा.”

“दहा वाजून बारा मिनिटांनी त्या उंच डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातातल्या सुईतून ते पाणी घातलं. रोज घालतात, सुई तुंबू नये म्हणून. आज दहा वाजून बारा मिनिटांनीच हाताला आग लागली. मी ओरडलो. तिनं तिथल्या तिथे थांबवलं. थेंबभर गेलं असेल फार तर. मग सव्वादहाला छातीला तारा लावून आलेख काढला. आलेख चांगला आहे म्हणाली. ट्रेमधल्या बाकीच्या नऊ सिरिंजा तिनं कचऱ्यात टाकल्या, भरलेल्या. आणि अकरा वाजेपर्यंत माझ्या उशाशी बसली. म्हणे, सहज बसलेय. सहज कोण बसतं हो रुग्णालयात?”

बाई तडक वळल्या. त्या औषधांच्या कपाटापाशी गेल्या, खण ओढला आणि दोन कुप्या हातात घेतल्या. एकीत साधं मिठाचं पाणी, सुई धुवायचं. दुसरीत पोटॅशियम. नीट पातळ करून थेंबाथेंबानं दिलं तर औषध, आणि शिरेत एकदम ढकललं तर धडधडतं हृदय जागच्या जागी थांबवणारं. हा नवा माल होता. दोन्ही कुप्या सारख्याच उंचीच्या, दोन्हींवर तीच निळी अक्षरं, तीच निळी रेघ, आणि दोन्हींची खोकी एकाच खणात शेजारी शेजारी.

पुढचं त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांची एक रीत होती. सकाळी घाई असते म्हणून दहा कुप्या फोडायच्या, दहा सिरिंजा एकदमच भरायच्या, स्टीलच्या ट्रेमध्ये ओळीनं मांडायच्या आणि खाटेमागून खाट उरकत जायचं. या रीतीला ते ‘पेरणी’ म्हणायचे. दहांतली एक कुपी भलती निघाली तर ते कळणार कसं? सिरिंजमध्ये गेल्यावर पाणी ते पाणीच दिसतं.

बाई तशाच दुखऱ्या गुडघ्यांनी स्टोअरमध्ये गेल्या. स्टोअरवाले गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून याद्या तपासत होते.

“हा नवा माल कुठे कुठे गेलाय?”

“दोनच वॉर्डांत. बाकी नऊ वॉर्डांना उद्या तीन वाजता.”

“पाठवू नका. कुप्या सारख्या दिसतात. घात होईल.”

“झालाय का?”

“होता होता राहिला.”

“मग तसा कागद आणा, सिस्टर. ज्याला कळलं किंवा ज्याच्या हातून झालं त्याचा. नाव नसलं तरी चालेल. कागद आला की दोन्ही वॉर्डांतलं पोटॅशियम उचलतो, कुलपात घालतो, माल परत धाडतो. पण नुसत्या तोंडी सांगण्यावर मी काही हलवलं तर उद्या माझंच बूड हलेल.”

“उद्या तीनपर्यंत थांबाल?”

“तीनपर्यंत थांबायचंच आहे. वॉर्डांचा माल न्यायचा टेंपो तीनला येतो.”

ज्या दोन वॉर्डांत माल गेला होता तिथे बाई स्वतः गेल्या. पोटॅशियमची खोकी वेगळ्या खणात हलवली, त्यांना लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि तिथल्या सिस्टरांना बजावलं की मला विचारल्याशिवाय या खोक्याला हात लावायचा नाही. एवढ्यानं दोन वॉर्डांचं भागलं. बाकी नऊ वॉर्ड मात्र उद्या तीनची वाट पाहत होते.

फॉर्म त्या स्वतः भरू शकत होत्या. पण मग बैठकीत विषय निघणार, सातव्या खाटेचं नाव निघणार आणि पोस्टातले काका मिनिटासकट सगळं सांगणार. सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना कळणार की पेटीला डोळे आहेत, आणि ते डोळे वॉर्डात फिरतात. कुप्या सुधारल्या असत्या, पण पेटी मेली असती. पुढच्या वेळी दुसरं काही चुकलं असतं तर ते कचऱ्याच्या डब्यातच गेलं असतं, त्या नऊ सिरिंजांसारखं.

बाईंनी स्वतःशी ठरवलं, उद्या दुपारी दोनपर्यंत वाट पाहायची. तोवर त्या पोरीनं लिहिलं तर उत्तम. नाही लिहिलं तर आपण लिहायचं. पेटी गेली तर गेली.

दुपारी चारच्या सुमारास दारात सावली पडली. ती उंच डॉक्टर होती. तिचे सोबती तिला शिडी म्हणत. दारातून आत येताना तिला वाकावं लागत नसे, पण ती सवयीनं वाकायची.

“सिस्टर, आमच्या वॉर्डात ती लाल पट्टी तुम्ही लावलीत?”

“हो.”

“का?”

“सहज.”

“सहज कोण लावतं?”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गालात दाबलं. “बस.”

शिडी बसली आणि खुर्ची डुगडुगली. बाई कण्हत वाकल्या आणि पायाखाली सरकलेली कागदाची घडी त्यांनी पुन्हा नीट बसवली.

“हा फॉर्म आहे ना, पेटीचा?”

“हो. तुम्ही लोक घेत नाही, निदान खुर्चीच्या तरी कामी येतो.”

शिडी हसली. मग हसू ओसरलं आणि ती बोटं मोडत बसली. बाई काही विचारत नव्हत्या. एकतीस वर्षांत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या, की माणूस बोलायच्या काठावर असला की आपण बोलायचं नाही.

“सिस्टर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“रागवायला वर मोठे सर बसलेत. विचार.”

“तुमच्या रोजच्या चुका. थर्मामीटर, कवळी. सगळ्या गमतीच्याच कशा? कुणाला काही झालंय असं एकीतही नाही. आम्ही हसतो, मजा येते. पण समजा, कुणाच्या हातून हसण्यासारखं नसलेलं काही झालं, तर त्यानं काय समजायचं? की तुमच्या हातून एकतीस वर्षांत तसं कधी झालंच नाही? म्हणजे त्याच्या एकट्याच्याच हातून झालं?”

पंखा फिरत होता. बाई टेबलावरची धूळ नसलेली जागा पुसत राहिल्या.

“मी आमच्या वरच्या वर्षाच्या चष्म्याला…” शिडी थबकली. “म्हणजे आमच्या सीनियरना एक असंच विचारलं होतं. ते म्हणाले, पेशंट ठीक आहे ना? मग गप्प बस. निघते मी. राउंड आहे.”

ती गेली. खुर्ची मागे थोडा वेळ हलत राहिली. पोरीनं बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलं होतं, आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

संध्याकाळी घरी यजमान दुसऱ्या दिवशीचं कापड आखत होते. बाईंनी चहाचा कप त्यांच्या पट्टीजवळ ठेवला.

“पट्टीजवळ नको, अगं. डाग पडेल.”

“अहो, एक पोर आज मला म्हणाली, तुमच्या चुका फार गोड आहेत.”

यजमानांनी खडू खाली ठेवला. “तू त्यांना खिडकीवाली सांगितलीस का?”

“नाही.”

“मग तू गाठोडं सोडतेस कुठे? नुसत्या वरवरच्या चिंध्या दाखवतेस.” ते पुन्हा आखू लागले. “माझ्या गाठोड्याच्या तळाशी तो निळा कोट आहे. मुलाखतीला जाणाऱ्या पोराचा. पाठ आखूड कापली मी, आणि दुसरं कापड घ्यायची त्याच्या बापाची ऐपत नव्हती. तो कोट मी सगळ्यात आधी दाखवतो. लाज वाटते म्हणून आधी दाखवतो. मागे ठेवला तर कधीच बाहेर यायचा नाही.”

“सर काय म्हणतील?”

“त्याची शीर तू शोधून दिली होतीस ना? मग तो काय बोलतोय!”

बाईंनी कप उचलला. खाली डाग पडलाच होता.

बुधवारी सकाळी आठला बैठक भरली. शिकाऊ डॉक्टर नेहमीसारखे हसायच्या तयारीनंच बसले होते. वरच्या वर्षाचा चष्मा पुढच्या रांगेत होता, शिडी शेवटच्या, आणि बसूनही सगळ्यांपेक्षा उंच. कोपऱ्यात मोठे सर मनगटी घड्याळ पाहत होते.

“आज माझी,” बाई म्हणाल्या. “आधीच सांगते, ही हसण्यासारखी नाही.

“मी अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची असेन. बायकांचा वॉर्ड. नवव्या खाटेवरच्या बाईला साखरेसाठी इन्सुलिन द्यायचं होतं. माझ्या कागदावर खाटेचा नंबर असायचा, नाव नसायचं. सगळीकडे तशीच रीत होती. त्या दुपारी नववी खाट आणि तेरावी खाट या दोन बायकांनी आपसात जागा बदलली. नववी खाट खिडकीजवळ होती. तेरावीवालीची लहान मुलगी शाळेतून जाताना रस्त्यावरून हात करायची, तिला ते बघायचं होतं. दुसरी म्हणाली, ये बाई, बस. मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. नंबर वाचला आणि सुई दिली.

“तासाभरात ती घामानं भिजली, बोलेनाशी झाली. मला कळलं. मी साखरेचं पाणी चढवलं, डॉक्टरांना म्हटलं, हिला भोवळ आलीय, साखर उतरलेली दिसतेय. संध्याकाळी ती शुद्धीवर आली. मला विचारलं, सिस्टर, मला काय झालं होतं? मी म्हटलं, चक्कर आली होती. तिनं माझे आभार मानले.”

मोठ्या सरांनी घड्याळावरून नजर उचलली.

“मी गप्प बसले. तिला काही झालं नाही ना, मग कशाला, असं म्हटलं. चार महिन्यांनी पलीकडच्या वॉर्डात पुन्हा दोघींनी खाटा बदलल्या. तसाच नंबरांचा कागद. दुसरी सिस्टर. ती पेशंट उठली नाही.

“त्यानंतर मनगटावर नावाची पट्टी बांधायची पद्धत आली. तुम्ही सुई टोचायच्या आधी बघता ना, ती पट्टी. चार महिने उशिरा आली. त्या सिस्टरनं नोकरी सोडली. तिच्या इथल्या शेवटच्या दिवशी मी तिचा हात हातात धरून बसले होते, तरी मी तिला सांगितलं नाही, की हे आधी माझ्या हातून झालं होतं. बस. एवढंच.”

रोजचं ‘लिहून टाका’ म्हणायला बाई त्या दिवशी विसरल्या. सर खिडकीबाहेर पाहत होते. खुर्च्या न वाजवता सगळे उठले आणि राउंडला गेले.

नऊ वाजले. दहा वाजले. दाराशी दोनदा पावलं आली आणि परत गेली. बाराला कँटीनचा चहा आला, तो गारढोण झाला. बाईंना वाटलं, झालं, आता पोरं आपल्याला टाळतील. एक वाजला. पावणेदोनला त्यांनी एक कोरा फॉर्म पुढे ओढला आणि वर तारीख घातली. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं. घड्याळात अजून पंधरा मिनिटं होती, आणि बाई दिल्या वेळेच्या पक्क्या.

दोनला सात मिनिटं असताना शिडी आत आली. वाकून.

“मी सकाळपासून चारदा दाराशी येऊन गेले.”

“दोनदाच मला कळलं. दाराखालून तुझे बूट दिसतात.”

“उरलेल्या दोन वेळा जिन्यातूनच परत फिरले.”

टेबलावर कोऱ्या फॉर्मांचा हा एवढा गठ्ठा होता. पण शिडी खाली वाकली, खुर्चीच्या पायाखालची घडी तिनं ओढून काढली, मांडीवर सरळ केली आणि लिहायला लागली. एकदा लागली ती थांबेचना. पुढची बाजू संपली, मागची अर्धी भरली. लिहिताना खुर्ची डुगडुगत होती आणि अक्षरं वरखाली होत होती.

“नाव लिहू?”

“तुझी मर्जी.”

ती थोडा वेळ पेनाकडे पाहत राहिली. मग तिनं नावाचा रकाना मोकळाच सोडला आणि मान खाली घातली.

“चालतं,” बाई म्हणाल्या. “तो मोकळा सोडता यावा म्हणूनच आहे.”

शिडीनं बाहेर जाऊन फॉर्म पेटीत टाकला. टप असा बारीक आवाज झाला. शिडी वळली तोच बाईंनी फळी सरकवली, कागद काढला आणि गुडघ्यांना न विचारता स्टोअरकडे सुटल्या.

स्टोअरवाल्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. “चुरगळलाय कागद.”

“चालेल ना?”

“चालेल. कागद तो कागद.” त्यांनी दोन्ही बाजू वाचल्या. वाचता वाचता त्यांचा हात आपोआप किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला. तीनला टेंपो आला तेव्हा त्यात बाकीचा माल चढला, निळ्या कुप्या तेवढ्या खाली राहिल्या.

शिडी त्या वेळी सातव्या खाटेपाशी होती. काल काय झालं होतं ते तिनं काकांना सरळ सांगितलं, आणि ‘माझं चुकलं’ म्हणाली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी टिपलं. “तीन वाजून चार मिनिटं,” ते म्हणाले. “आता हिशेब पुरा झाला. मला वाटलं होतं, मी घरी जाईपर्यंत तू सांगणार नाहीस. पण पोरी, उद्याचं ते पाणी जरा हळू घाल हो.”

गुरुवारच्या बैठकीत सरांच्या हातात तो चुरगळलेला कागद होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. वाचत गेले तसे त्यांच्या कपाळावर ढग जमत गेले. कागद खाली ठेवून त्यांनी खोलीवरून नजर फिरवली आणि घशात जुना गडगडाट भरला.

“हे को…”

बाईंनी खोकायला तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी पुढच्या रांगेतून खोकला आला. चष्मा खोकत होता. त्याच्या शेजारचा खोकला. मग दुसरी रांग, तिसरी रांग. खोलीत अशी काही साथ पसरली की सरांचं वाक्य त्यात बुडून गेलं.

सर थांबले. खोकल्याची लाट ओसरू दिली.

“…कसं झालं, म्हणत होतो मी,” ते म्हणाले.

शेवटच्या रांगेत शिडी उभी राहिली. नावाचा रकाना मोकळा होता, तिला कोणी उठवलं नव्हतं. उभी राहिल्यावर ती इतकी उंच दिसली की मागच्या भिंतीवरचं घड्याळ झाकलं गेलं.

“माझ्या हातून झालं, सर. मी पेरणी करत होते. दहा कुप्या एकदम फोडल्या, प्रत्येकीचं नाव वाचलं नाही. सिरिंजांवरही काही लिहिलं नव्हतं.”

“पेरणी?” सर म्हणाले. “ही पद्धत तुला कुणी… म्हणजे, ही पद्धत कशी आली?”

“वरच्या वर्षानं दाखवली.”

चष्मा उभा राहिला. “मी दाखवली, सर. आम्हाला आमच्या वरच्यांनी दाखवली होती. त्यांना त्यांच्या वरच्यांनी.”

सरांचा चेहरा हळूहळू असा काही होत गेला, जसा जुन्या फोटोत अचानक स्वतःला ओळखणाऱ्या माणसाचा होतो. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

“सिस्टर, स्टीलच्या ट्रेमध्ये?”

“स्टीलच्याच,” बाई म्हणाल्या. “ओळीनं. तुम्ही तेव्हा त्याला लावणी म्हणायचात.”

आधी कोणाला हसायचा धीर झाला नाही. मग सरच हसले, कसंनुसं, आणि सगळी खोली सैल झाली. त्यानंतर ‘आज माझी’ची दोन मिनिटं वाढत वाढत पंचवीस झाली. एका वेळी एकच कुपी, एकच सिरिंज, लगेच चिठ्ठी, असं ठरलं. खाटा उरकायला अर्धा तास जास्त लागेल, असं चष्मा म्हणाला. सर म्हणाले, लागू दे, मी उशिरा येईन. रुग्णालयाच्या इतिहासात सरांनी उशिरा यायचं कबूल केल्याची ही पहिलीच वेळ होती.

संध्याकाळी बाईंनी सवयीनं पेटीची फळी सरकवली. आत पाच कागद होते. चार शिकाऊ डॉक्टरांचे. एकानं तर चुकीच्या पायाला मलम लावल्याचं लिहून खाली पायाचं चित्र काढलं होतं, दोन्ही पायांवर बाण काढून. पाचव्या कागदावर नाव नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वीची कुठलीशी घटना होती, आणि अक्षर असं की सबंध इमारतीत ते वाचू शकणारं माणूस एकच होतं. बाईंनी तो कागद शेवटपर्यंत वाचला. मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. मग त्याची घडी घातली आणि फायलीत नीट लावला.

पाहुण्यांची खुर्ची पुन्हा डुगडुगायला लागली होती. बाईंनी कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्याकडे हात नेला आणि आखडता घेतला. आता ते पुरतील की नाही याची शंका होती. त्यांनी पिशवीतून यजमानांनी दिलेली एक चिंधी काढली, निळ्या कापडाची, चौघडी करून खुर्चीच्या पायाखाली घातली आणि खुर्चीवर बसून पाहिलं. घट्ट बसली होती.

तो पाचवा कागद कोणाचा होता ते बाई आजही सांगत नाहीत.